ढवळेबाईंचं पेन आणि कावेरीचा हात

एका तालुक्याच्या गावात एक नर्सिंग शाळा होती आणि त्या शाळेत एक दरारा होता. त्या दराऱ्याचं नाव ढवळेबाई. मुलींची वॉर्डातली परीक्षा त्या एकट्याच घेत. मुलगी पेशंटला सुई टोचायला वाकली, की बाई तिच्या पाठीमागे उभ्या राहून पेनाचं बटण टकटक वाजवत.

कावेरी गावित नावाच्या मुलीचा हात त्या टकटकीत थरथरायचा. यंदाही नापास झाली, तर शाळेतून तिचं नाव कमी होणार होतं. बाईंचा शेरा ठरलेलाच होता, "हिच्या हातात सुई देणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ."

पण नव्या प्राचार्यबाई म्हणाल्या, "या वेळी सगळ्यांना विचारू. पेशंट, डॉक्टर, आयाबाई, बरोबरच्या मुली."

"म्हणजे आता आयाबाई मार्क देणार? धन्य!" ढवळेबाई फणकारल्या. तरी आपलंच खरं करून दाखवायला त्या स्वतः विचारायला निघाल्या.

खिडकीजवळच्या खाटेवरचे म्हातारे बापू म्हणाले, "कावेरी? अहो, सुई टोचल्याचं कळतसुद्धा नाही. मी तिचीच वाट बघतो."

बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय.

डॉक्टर म्हणाले, "परवा जन्मलेलं बाळ रडेना. माझ्या मदतीला हीच होती. हात जरा म्हणून थरथरला नाही तिचा."

बाईंचा चेहरा उतरला.

पारूआया म्हणाली, "पोरगी गुणाची. पण वापरलेला कापूस खाटेवरच टाकते हो!" इतक्या परीक्षा घेतल्या, पण हे बाईंना ठाऊकच नव्हतं.

शेवटी कावेरीच्या मैत्रिणीला, रेश्माला, त्यांनी दरडावून विचारलं, "मग माझ्यासमोरच का थरथरते ती?"

रेश्मा रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुमच्यासमोर आम्ही सगळ्याच थरथरतो. तिला लपवता येत नाही, एवढंच."

अरे देवा! ढवळेबाई मटकन स्टुलावर बसल्या. आजवर ज्यांना नापास करून घरी पाठवलं, त्या पोरींचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. त्यांतल्या कितीजणींचे हात खरंच कच्चे होते?

परीक्षेच्या दिवशी बाईंनी पेन प्राचार्यबाईंच्या हातात दिलं. स्वतः खाटेवर आडव्या झाल्या, बाही वर सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"रक्त काढ," त्या म्हणाल्या.

कावेरीच्या तोंडचं पाणीच पळालं. मग तिनं एक मोठा श्वास घेतला.

थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "कधी टोचणार आहेस?"

"झालं की, बाई."

ढवळेबाईंनी हाताकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्या म्हणाल्या, "आणि तो कापूस उचल आधी!"

तात्पर्य: एकाच्या नजरेवरून कुणाची लायकी ठरवू नये, कधी कधी जो दोष दिसतो, तो त्या नजरेनंच घडवलेला असतो.