कर्ण्याची तिसरी हाक

एका राज्यात माणूस मेला तरी उठून जात नसे, जोवर वेशीवरचा पितळी कर्णा त्याच्यासाठी तीन हाका देत नसे. पहिली हाक नावाची. दुसरी घराच्या निरोपाची. तिसरी वाटेला लावणारी. तिसरी झाली की मेलेला आपल्या पायांनी निघे, वेस ओलांडी आणि धुक्यात विरून जाई. त्याचं कुणाला नवल नव्हतं.

त्याच राज्यात कालंभट नावाचा जादूगार राही. त्याचा कोवळा मुलगा तापाने गेला. राजा म्हणाला, "जादूगाराच्या पोराला राजाचा कर्णा कशाला?" कर्णा वाजला नाही. तेव्हा कालंभटाने वेशीवर उभं राहून शाप दिला, "माझं पोर उठणार नाही, तर कुणाचंच उठणार नाही." त्याच क्षणी कर्ण्यावर काळा कळंक चढला आणि त्याचा आवाज बसला.

मग काय सांगावं! मेलेली माणसं घरोघरी बसून राहिली. कुणाची सासू जात्यापाशी, कुणाचं तान्हं पाळण्यात, आणि खुद्द राणी सिंहासनाशेजारी, केसांत वाळलेला गजरा घेऊन. वास नाही, माशी नाही, नुसता गारठा. शेजारणी एकमेकींकडे विरजण मागायला जाईनात. माणसं आधी हळू बोलू लागली, मग बोलेनाशी झाली.

कर्णा वाजवणारा सिदोबा म्हातारा होता. त्याची लेक गिरजा हीच त्याची शिष्या. पहाटे नदीत गळ्याइतक्या पाण्यात उभं करून तो तिचा दम वाढवी. कर्ण्याने तिचे ओठ सुजत, तरी त्याचं एकच पालुपद. "फुंकू नकोस गिरजे, बोल. गाल आत. श्वास धरून ठेवू नकोस, सोड!" तिसरी हाक मात्र तो मोठ्याने शिकवत नसे, न जाणो एखादा जिवंतच चालू लागायचा. ती तो तिच्या तळहातावर फुंकर घालून शिकवी.

ती शिकवून झाली आणि सिदोबाही गेला. गेला म्हणजे उंबऱ्यावर बसला. डोळे उघडे, हात गुडघ्यांवर. त्याची साळुंकी तेवढी त्याच्याच आवाजात ओरडे, "गाल आत! बेडकी झालीस, बेडकी!" गिरजेला हसू येई आणि त्याच हसण्यात रडू फुटे. घरात जाता-येता बापाला ओलांडावं लागे. एक दिवस तिचा पाय त्याच्या हाताला लागला. तो हात दगडासारखा गार होता. गिरजा तशीच वळली, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि कालंभटाच्या डोंगराकडे निघाली.

वाटेत तिच्याआधी शाप उतरवायला आलेले उभे होते, सगळे पितळेचे झालेले. तलवार उपसलेला सेनापती, थैली पुढे केलेला सावकार, तोंड उघडं राहिलेला पंडित.

कालंभट दारात बसला होता. शेजारी त्याचा मुलगा, तसाच.

"तू काय आणलंस? धमकी, धन की श्लोक?"

गिरजेच्या तोंडून कर्णेकऱ्याच्या सवयीने निघालं, "मुलाचं नाव काय?"

जादूगाराने मान वर केली. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"रवळनाथ."

"आई काय म्हणायची?"

"रवळू." त्याने डोळे पुसले आणि पुन्हा कठोर झाला. "ऐक, तीन कामं कर. कर्ण्याचा कळंक उतरव. राजाला अनवाणी माझ्या दारी आण. माझ्या रवळूला तीन हाका दे. एक जरी चुकलीस, तर तूही पितळेची."

गिरजेने वेशीवर परतून चिंच आणि राख घेऊन कर्णा घासला. कळंक बोटांना चावला, तिची नखं गळून पडली, पण पितळ उजळलं.

मग ती राजाकडे गेली. राजा गरजला, "मी? त्याच्या दारी?"

"महाराज, राणीसाहेबांचा हात धरून बघा."

राजाने इतके दिवस तो हात धरला नव्हता. धरला, आणि त्याने जोडे काढले. डोंगर चढून तो म्हणाला, "कालंभट, मी चुकलो."

"चुकलात," कालंभट म्हणाला.

गिरजेने बरोबर आणलेला कर्णा उचलला. पहिल्या हाकेला मुलाचे डोळे मिटले. दुसरीला तो उठून उभा राहिला. तिसरी तिने आजवर वाजवली नव्हती. तळहातावर जशी उमटली होती, तशीच तिने दिली. मुलगा एक पाऊल चालला आणि अडला. बापाने त्याचं मनगट धरलं होतं. गिरजेचा दम संपत आला. तोंड कर्ण्याला लागलेलं, सांगणार कशी? तिची पावलं पितळेची होऊ लागली.

साळुंकीला वाटलं, धडा चालू आहे. ती सिदोबाच्या आवाजात खेकसली, "धरून ठेवू नकोस, सोड!"

कालंभट दचकला. त्याचा हात सुटला. रवळू धुक्यात गेला.

शाप तिथेच तुटला. पितळेची माणसं हाडामांसाची होऊन खोकू लागली. गिरजा वेशीवर आली आणि ज्या क्रमाने माणसं मेली होती त्याच क्रमाने हाका देऊ लागली. राणी गेली तेव्हा राजा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गिरजेचे ओठ फाटले, रक्त कर्ण्यावरून ओघळलं. शेवटी एकटा सिदोबा उरला. लोक म्हणाले, "पुरे बाई, उद्या दे त्याला." तिने मान हलवली आणि फाटक्या ओठांनी तिन्ही हाका दिल्या. म्हातारा उठला, उंबरा उतरला, वेशीबाहेर गेला. मागे वळून बघितलं नाही. मेलेले बघत नाहीत.

वैद्य म्हणाला, या ओठांनी आता कर्णा वाजणार नाही. गिरजा सुन्न होऊन रिकाम्या उंबऱ्यावर बसली. तिथे कालंभट आला.

"राज्याला कर्णेकरी हवा. मला शिकव."

गिरजेने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बोलताना तिच्या ओठांतून रक्त आलं.

"आधी मिशा काढून ये."

दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत होऊन आला. त्याने कर्ण्यातून असा भसाडा सूर काढला की गावातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. "पुन्हा," गिरजा म्हणाली.

त्या राज्याची घडी जशी बसली तशी तुमच्या घरची बसो, आणि ती तिसरी हाक तुमच्या दारी फार फार उशिरा येवो.