वर धरलेला पाय

त्या राज्यात प्रत्येक करकोच्याची एक तरी इच्छा होती, आणि इच्छा असलेला करकोचा एक पाय वर धरून उभा राही. रीतच तशी होती. भर सभेत इच्छा बोलून दाखवायची, सगळ्यांनी पंख वाजवून कौतुक करायचं, आणि मग बोलणाऱ्याने एक पाय उचलून पोटाशी घ्यायचा. इच्छा पुरी होईपर्यंत तो खाली टेकायचा नाही. टेकला तर इच्छा मेली असं समजत आणि रीतसर दुखवटा पाळत. त्यामुळे तळ्यात शेकडो करकोचे वर्षानुवर्षं एका पायावर उभे होते. पायाशी येईल तो बेडूक खात आणि एकमेकांच्या इच्छा तोंडभरून वाखाणत. मंडळी मोठी गोड होती, नावं ठेवायला जागा नाही.

अनसा त्यांच्यातलीच एक. डोंगरापलीकडचा निळा तलाव डोळे भरून पाहायचा, ही तिची इच्छा. पाय उचलून सात वर्षं झाली होती. तिच्या शेजारी म्हातारा म्हादबा तीस वर्षं उभा होता. त्याला समुद्र पाहायचा होता. पण अनसाच्या इच्छेचं त्याला स्वतःच्या इच्छेपेक्षा जास्त कौतुक. पाणी प्यायला उतरणाऱ्या परक्या पाखरांनाही तो ती सांगे.

एका सकाळी आळस द्यायला म्हणून अनसाने वरचा पाय ताणला, तर तो उघडेना. बराच वेळ खटपट केल्यावर गुडघा कसाबसा सैल झाला. ती चांगलीच घाबरली. तिने हळूच म्हादबाकडे पाहिलं. त्याचा पाय वाळक्या काटकीसारखा पोटाला चिकटून बसला होता. तो उघडतो का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

तिने दुसरंच विचारलं. तलाव किती लांब आहे? म्हादबाला हसू आलं. असलं काही इच्छेला विचारतात होय, असं म्हणून त्याने विषय बदलला. मग अनसाने पाणी प्यायला उतरलेल्या एका टिटवीला विचारलं. टिटवी फटकळ, पण सगळीकडे फिरलेली. तिने सांगितलं, वाट तीन दिवसांची. पहिला मुक्काम पडक्या खाणीतल्या डबक्यावर, दुसरा खिंडीतल्या उंबरावर, आणि निघायचं तर थंडी सरायच्या आत, कारण नंतर वारा समोरून येतो. अनसाने सगळं दोनदा घोकलं. तलाव म्हटलं की तिला दडपण येई; खाणीतलं डबकं मात्र आवाक्यातलं वाटलं. अडचण एकच राहिली. करकोच्याला उडण्याआधी दहाबारा पावलं धावावं लागतं, आणि धावायला दोन पाय लागतात.

"अनसे, नको गं," म्हादबा कळवळून म्हणाला. "सात वर्षांची इच्छा आहे. सगळे बघतायत."

"बघू देत, म्हादबा. अजून एक वर्ष थांबले तर हा पाय माझा राहायचा नाही."

तिने पाय टेकला. तळंभर हळहळ पसरली. पहिल्याच पावलाला ती तोंडघशी चिखलात पडली, आणि सगळ्यांनी जागच्या जागी माना खाली घातल्या. त्यांची माया खोटी नव्हती, म्हणून तर तिला ते फार लागलं. दुसऱ्या सकाळी ती तीन पावलं चालली. रोज आदल्या दिवसापेक्षा दोन पावलं जास्त, असा तिने नेमच धरला. म्हादबा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही, पण ती पडली की त्याची मान आपोआप पुढे व्हायची.

नवव्या दिवशी ती धावली. वेडीवाकडी, चिखल उडवत, बारा पावलं. तेराव्याला पायाखाली काहीच नव्हतं. तिला एकदम रडू आलं, आणि रडतानाच ती पंख मारत राहिली.

एक घिरटी घालून तिने खाली पाहिलं. आपलं तळं तिने इतक्या वर्षांत वरून कधी पाहिलंच नव्हतं. रांगाच्या रांगा करकोचे उभे होते, प्रत्येकाचा एक पाय उचललेला. जणू अख्खं राज्य आत्ता, या क्षणी, निघणारच होतं. पाणी जराही हलत नव्हतं. फक्त म्हादबा उभा होता तिथे, त्याच्या तीस वर्षं वर धरलेल्या पायाभोवती एक तरंग उठला होता, आणि तो मोठा मोठा होत काठाकडे चालला होता.