चिमीची एकुलती एक शेंग

ओढ्याच्या पल्याड, बांधाच्या अल्याड, एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिमी. एवढंसं नाक, एवढीशी शेपटी, आणि चालायची कशी? तुरुतुरु, तुरुतुरु!

शेतातला भुईमूग निघाला की चिमी सरवा वेचायची. म्हणजे मातीत मागे राहिलेल्या शेंगा गोळा करायची. यंदा तर तिला शेंगा हव्याच होत्या. पावसात तिचं बीळ कोसळलं होतं ना! तेव्हा खेकड्याने बीळ खणून दिलं. खारीने कापूस दिला. साळुंकीने पिसं दिली. लावरीने गवत दिलं. चिमी सगळ्यांना म्हणाली होती, "सरवा झाला की एकेक शेंग देईन हं!"

सरवा झाला. शेंगा ओढ्यापलीकडे न्यायच्या होत्या. चिमीने घेतलं पळसाचं पान. त्यावर रचल्या शेंगा. भरपूर रचल्या. जरा जास्तच रचल्या! पान पाण्यात सोडलं आणि...

कलंडलं! बुडुक बुडुक बुडुक! शेंगा निघाल्या तरंगत. गेल्या वाहून.

चिमी कशीबशी पोहत पलीकडच्या काठाला लागली. तोंडात एकच शेंग उरली. एक शेंग आणि देणी चार! आता बांधावर तोंड कसं दाखवायचं? चिमीला रडूच आलं.

तेवढ्यात झाडावरून खार ओरडली, "चिर्र चिर्र! माझी शेंग आण! आधी माझी!"

चिमीला वाटलं, देऊन टाकावी हिला. कटकट तरी मिटेल. तिने शेंग पुढे केली. पण साळुंकीने ते पाहिलं. लांबूनच ती ओरडली, "आधी खारीला दिलीस तर बघ हं!"

चिमीने शेंग घट्ट धरली. ती खारीला म्हणाली,

"शेंगा गेल्या वाहून, एकच आली राहून.
खारूताई, खारूताई, थोडं थांबशील का?"

खार म्हणाली, "मीच का थांबू? साळुंकी थांबली तर मी थांबेन."

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पोटात भूक. गुडगुड, गुडगुड. तिने शेंगेकडे पाहिलं. पण खाल्ली नाही.

साळुंकी नाचत होती. टुण टुण, टुण टुण. चिमी म्हणाली,

"शेंगा गेल्या वाहून, एकच आली राहून.
साळुंकी थांबली तर खार थांबेल.
साळुंकीबाई, साळुंकीबाई, थोडं थांबशील का?"

साळुंकी म्हणाली, "मीच का थांबू? खेकडा थांबला तर मी थांबेन."

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पोटात भूक. गुडगुड, गुडगुड. तिने शेंगेचा वास घेतला. पण खाल्ली नाही.

खेकडा ओढ्याकाठी तिरका तिरका चालत होता. खुडबुड, खुडबुड. चिमी म्हणाली,

"शेंगा गेल्या वाहून, एकच आली राहून.
खेकडा थांबला तर साळुंकी थांबेल.
साळुंकी थांबली तर खार थांबेल.
खेकडेदादा, खेकडेदादा, थोडं थांबाल का?"

खेकडा म्हणाला, "मीच का थांबू? लावरी थांबली तर मी थांबेन."

आता राहिली लावरी. गवतात राहणारं ठिपक्याठिपक्यांचं पाखरू. ती सकाळपासून एकदाही ओरडली नव्हती. शेंग मागायला आलीच नव्हती.

चिमी गवतात शिरली. सळसळ, सळसळ. ती म्हणाली,

"शेंगा गेल्या वाहून, एकच आली राहून.
लावरी थांबली तर खेकडा थांबेल.
खेकडा थांबला तर साळुंकी थांबेल.
साळुंकी थांबली तर खार थांबेल.
लावरीमावशी, लावरीमावशी, थोडं थांबशील का?"

लावरी हळूच म्हणाली, "मी थांबेन गं बाळा. पण ही थांबत नाहीत ना!"

तिने पंख उचलला. पंखाखाली होती पिल्लं. इवली इवली. चोची उघडून बसलेली. चिंव! चिंव! चिंव!

"कालपासून उपाशी आहेत," लावरी म्हणाली. "यांना सोडून दाणा शोधायला जाऊ तरी कशी?"

चिमीने त्या उघड्या चोचींकडे पाहिलं. कोण मोठ्याने ओरडतं, ते तिने सकाळपासून ऐकलं होतं. पण कोणाला थांबताच येत नाही, ते तिने आत्ता पाहिलं.

कट्! चिमीने शेंग फोडली. दाणे लावरीपुढे ठेवले. आणि निघाली मागे. तुरुतुरु, तुरुतुरु.

खेकड्याने विचारलं, "काय गं, लावरी थांबली का?"

"नाही थांबली," चिमी म्हणाली. "तिची पिल्लं उपाशी आहेत. शेंग तिलाच दिली."

खेकडा चालायचा थांबला. त्याने नांग्या खाली टाकल्या.

"पिल्लांच्या आधी मी? छे छे! मी थांबतो."

खेकडा थांबला, म्हणून साळुंकी थांबली.
साळुंकी थांबली, म्हणून खार थांबली.
खार जरा कुरकुरली. "बरं बाई!" म्हणाली. पण थांबली!

खेकडा म्हणाला, "नुसतं थांबून काय करू? ओढ्यात बघून येतो."

डुबुक! खेकडा पाण्यात शिरला. काठाच्या लव्हाळ्यात काहीतरी अडकलं होतं. शेंग! त्याने ओढून काढली. अजून एक! तीही काढली. अजून एक! तीही काढली.

चिमीने एक दिली खेकड्याला. एक दिली साळुंकीला. एक दिली खारीला. सगळ्यांचं देणं फिटलं!

"अजून आहे का हो, खेकडेदादा?"

खेकड्याने पुन्हा शोधलं. खुडबुड, खुडबुड. पण नाही. चिमीसाठी एकही शेंग उरली नाही.

चिमी बिळाच्या दाराशी बसली. देणं फिटलं, म्हणून बरं वाटत होतं. पण पोट कुठे ऐकतंय? गुडगुड, गुडगुड.

इतक्यात गवत हललं. सळसळ, सळसळ. कोण आलं? लावरी आली. मागे तिची पिल्लं. सगळ्यांत धाकटं पिल्लू काहीतरी ढकलत होतं. गडगड, गडगड. भुईमुगाचा दाणा!

"चिमीताई, चिमीताई, हा तुझा," पिल्लू म्हणालं. "आमचं पोट भरलं."

"माझा कसा? तो तर मी तुम्हाला दिला."

लावरी म्हणाली, "खेकडा थांबला. साळुंकी थांबली. खार थांबली. पण सकाळपासून भूक धरून सगळ्यांत जास्त कोण थांबलं? तूच ना गं?"

चिमीने दाणा उचलला. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम!

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.