शेवटच्या पिशवीतला दगड

एकदा एका वृद्ध पाषाणपरीक्षकाकडे ध्रुवावरच्या बर्फातून वेचलेले उल्कापाषाण तपासणीला आले. त्यांची एक शिस्त होती. दगड वेचणारा जागेवरच एक चिठ्ठी लिहून पिशवीला जोडत असे. पण दगडाचे वर्णन पूर्ण होऊन त्यावर सही होईपर्यंत ती चिठ्ठी पाकिटात बंद राही. वेचणाऱ्याच्या अंदाजाने तपासणाऱ्याची नजर बिघडू नये, एवढाच हेतू. चाळीस वर्षांत ही शिस्त एकदाही मोडली नव्हती.

त्या वर्षीच्या शेवटच्या पिशवीतला दगड त्यांनी आपल्या शिष्याकडे तपासायला सोपवला. तो जयवंतने वेचला होता, हे क्रमांकावरून दोघांनाही ठाऊक होते. जयवंत हा शिष्याचा जिवाभावाचा मित्र. मोहिमेवर खरे तर शिष्यच जायचा होता. त्याचा गुडघा दुखावला म्हणून जयवंत गेला. ही पिशवी गाडीत ठेवून तो मागे वळला आणि बर्फाच्या भेगेत कोसळला. देहही हाती लागला नाही. त्याची आई शिष्याला दर भेटीत एकच विचारी, माझ्या मुलाने शेवटी काय आणले?

शिष्याने महिनाभर मान मोडून काम केले. वजन दोनशे बारा ग्रॅम, वर जळके काळे कवच, आत राखाडी, जागोजागी गंज, असे सगळे चोख लिहिले. अशा दगडाचे कुळ त्याच्या कणांतल्या लोखंडावरून ठरते. चाळीस कणांतले लोखंड मोजून सरासरी काढली तेव्हा दगड अगदी सामान्य कुळातला निघाला, शेकड्यांनी सापडतो तसला. मात्र त्यातले नऊ कण गंजाचे निमित्त करून गाळले, की तो कुठल्याच ज्ञात कुळात बसत नव्हता. शिष्याने ते नऊ कण गाळले आणि खाली लिहिले, ‘दुर्मीळ. नवे कुळ.’

वृद्धाने अहवाल दोनदा वाचला, गाळलेल्या नऊ कणांची नोंदही पाहिली. सही केली नाही. कात्रीने पाकीट कापले आणि आतली चिठ्ठी स्वतः न पाहता शिष्यापुढे सरकवली. शिष्य चरकला. सहीआधी चिठ्ठी कशी उघडलीत, असे त्याने विचारले.

“वाच,” वृद्ध म्हणाले. “मोठ्याने वाच.”

अक्षर थंडीने वेडेवाकडे झाले होते. “साधाच दिसतो. तरी घेतला. निवड आपण करायची नाही.”



“त्याने काय लिहिलंय ते मलाही आत्ताच कळलं,” वृद्ध म्हणाले. “पण तो कसा होता ते मला माहीत होतं. बोटं बधिर झालेली असतानाही त्याने साधा दगड सोडला नाही. तू उबेत बसून नऊ कण सोडलेस. तो गेला याचं दुःख मलाही आहे, आणि ते कोणत्याही कुळाने कमी होणार नाही. पण या अहवालात मला तूच दिसतोस. तो कुठेच नाही.”

शिष्य ढसाढसा रडला. मग त्याने नऊ कण परत हिशोबात धरले, ‘सामान्य’ असे लिहिले, आणि वृद्धाने सही केली.

त्याच दुपारी तो जयवंतच्या आईकडे गेला. तिने नेहमीचाच प्रश्न विचारला.

“साधा दगड, काकू,” तो म्हणाला आणि चिठ्ठीची नक्कल वाचून दाखवली.

तिने ती पुन्हा वाचायला लावली. “हो, असंच बोलायचा तो,” ती म्हणाली. त्यानंतर तिने तो प्रश्न कधीच विचारला नाही.

गेलेल्या माणसाला मोठे करावेसे वाटले, तर आधी त्याच्याच हातचे काही वाचून पाहावे.