भिश्त्याचा गुरुवार

फार पूर्वी, म्हणजे घरोघरी नळ नव्हते आणि नळाला पाणी येत नाही अशी तक्रारही नव्हती तेव्हा, एका गावात एक भिश्ती राहत होता. गावाजवळची विहीर खारी होती. गोड पाण्याची विहीर होती ती टेकडीपलीकडे. भिश्ती तिथून कातड्याची पखाल भरायचा, पाठीवर टाकायचा आणि दारोदार पाणी घालायचा.

आता पाठीवरच्या पखालीत पाणी कुठल्या विहिरीचं आहे, हे वरून कसं कळणार? म्हणून गावाने एक रीत पाडली होती. पाणी घालण्याआधी भिश्त्याने गिऱ्हाइकासमोर एक घोट घ्यायचा आणि गिळून तोंड उघडून दाखवायचं. नुसती चूळ भरलेली चालत नसे. मागे एका लबाड भिश्त्याने खारं पाणी तोंडात धरून कोपऱ्यावर जाऊन थुंकलं होतं. एकाने लबाडी केली की नियम सगळ्यांना लागतो, ही पद्धत तेव्हाही होती.

भिश्ती एकटा होता. दिवसभर त्याला हाका येत, पण त्या पाण्याला असत. पखाल रिकामी झाली की त्याची आठवण कोणाला राहत नसे. रमजानचे रोजे तो सगळ्या गावाबरोबर ठेवी. ते तर फर्जच, म्हणजे ठेवायलाच हवेत असे. पण वर्षभर दर गुरुवारी तो आणखी एक रोजा ठेवायचा. तो कोणी मागितलेला नव्हता, आणि चुकला तर कोणी विचारणारही नव्हतं. बोलावणं आलं म्हणून जाणं वेगळं आणि आठवण आली म्हणून जाणं वेगळं. त्याचा गुरुवार हा आठवण येऊन जाण्यातला होता. पाठीवर गार पाणी, घशात कोरड, आणि मनात एवढंच, की संध्याकाळी मशिदीच्या पायरीवर आपली कोणीतरी वाट पाहत आहे. आठवड्यातली तेवढी एकच संध्याकाळ त्याची स्वतःची होती.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. माणसाची नमाज लोकांना दिसते, दानधर्म दिसतो, आणि हजला जाऊन आलेला माणूस तर दिसल्याशिवाय राहतच नाही. रोजा तेवढा दिसत नाही. ती न दिसणारी गोष्ट त्याला आपण आणि वरचा अशा दोघांतच ठेवायची होती. म्हणून गुरुवारी तो फक्त जुन्या गिऱ्हाइकांकडे जाई. त्यांनी घोट मागणं कधीच सोडलं होतं. लोक म्हणत, “भिश्ती गुरुवारी आळस करतो.” तो हो म्हणायचा.

भिश्त्याच्या वाटेवरच्या एका गल्लीत एक अत्तरवाला होता. तोही गुरुवारी रोजा ठेवी, पण अत्तराच्या कुपीसारखा. बूच उघडून चारचौघांना वास दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सकाळपासून तो ओट्यावर बसे आणि कोणी “काय, बरं आहे ना?” विचारलं की सुकलेले ओठ दाखवून म्हणे, “रोजेदाराला काय होणार?”

एका उन्हाळ्यात गल्लीत परगावची एक विधवा राहायला आली. मागच्या गावी वाईट पाण्याने तिचा नवरा गेला होता. आता तिची लहान मुलगी तापाने फणफणली होती. नेमका गुरुवार होता. भिश्ती दारावरून जाताना तिने हाक मारली.

“चाचा, पाणी आहे का? पोर सकाळपासून पाणी पाणी करतेय. घरात आहे ते घ्यायला माझा हात धजत नाही.”

“गोड विहिरीचं आहे, बेटी. भांडं आण.”

तिने भांडं आणलं, पण पुढे केलं नाही. “आधी तुम्ही घोट घ्या.”

भिश्ती थांबला. आतून मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं. बाई ओट्याकडे वळली. “भाईसाहेब, तुम्ही तरी एक घोट घेऊन सांगा.”

“तौबा, माझा रोजा आहे,” अत्तरवाला म्हणाला, गल्लीच्या शेवटच्या घरालाही कळावं इतक्या बेताने.

“इथे ज्याला विचारावं त्याचा रोजाच असतो,” बाई म्हणाली. “चाचा, तुमचाही आहे का? तसं असेल तर पुढे जा. मी दुसरं कोणी येईपर्यंत थांबते.”

दुसरं कोणी सांजेआधी येणार नव्हतं. भिश्त्याने सूर्याकडे पाहिलं. दिवस निम्म्यावर आला होता, आणि उरलेला निम्मा त्याला कोणत्याही पाण्यापेक्षा गोड होता. जिभेवर आलेलं वाक्य त्याने आधी गिळलं आणि मग पाणी. तोंड उघडून दाखवलं. बाईने भांडं भरून घेतलं आणि ती आत धावली.

“वा,” अत्तरवाला म्हणाला, “भरदुपारी, आणि तेही गुरुवारी. पाठीवर एवढं पाणी वाहतोस, एक दिवस घसा आवरत नाही का रे?”

“नाही आवरला,” भिश्ती म्हणाला आणि पखाल सावरून पुढे गेला.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. तो मशिदीपाशी आला, पण पायरीवर बसला नाही. बाजूला उभा राहिला. म्हातारे मौलवीसाहेब बाहेर आले.

“उभा का? बस की.”

ठेवलेला रोजा त्याने लपवला होता. मोडलेला लपवणं त्याला बरं वाटलं नाही. “मौलवीसाहेब, आज माझा रोजा होता. मी दुपारी पाणी प्यालो. आज इथे बसायचा हक्क नाही मला.”

“नफल रोजा होता, आपखुशीचा. पुन्हा ठेव, झालं.”

“ठेवीन. पण आजची भेट तर गेली.”

मौलवीसाहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पाणी प्यायलेल्या माणसाचे ओठ असे सुकलेले नसतात. “बेटा, इतकी वर्षं इथे रोजे सोडणारे बघतोय,” ते म्हणाले. “रोजा सोडायच्या खजुराची वाट पाहणारे पुष्कळ पाहिले. खजुराचं नावही न काढता भेट चुकली म्हणून रडणारा आज पाहिला. तुझी भेट चुकली असं तुला कोणी सांगितलं?”

भिश्ती पायरीवर बसला.

अत्तरवाल्याने तोवर गावभर केलं होतं की भिश्ती रोजे-बिजे काही ठेवत नाही. लोकांनी विश्वास ठेवला. भिश्त्याचं गुपित इतकं सुरक्षित आजवर कधीच नव्हतं.

सोमवारही नफल रोज्याचा मानतात. मोडलेला रोजा त्याने त्या दिवशी पुन्हा ठेवला. मधले तीन दिवस तो जेवला, पाणी प्याला, पण मन सोमवारकडेच लागलेलं होतं. सोमवारी विधवेच्या दाराशी त्याची पावलं अडखळली. दारात मुलगी उभी होती, हडकलेली पण हसरी. आईने भांडं पुढे केलं.

“घोट?” भिश्त्याने हळूच विचारलं.

“आता कशाला, चाचा?” बाई म्हणाली. “घाला पाणी.”

तात्पर्य एवढंच, की कोणी न मागितलेला उपास कोणाच्या ओढीने ठेवला हे ज्याला ठाऊक असतं, त्याला तो कोणाच्या कळवळ्याने मोडला हेही ठाऊक असतं. आणि गावाला दोन्हीतलं काहीच ठाऊक नसलं तरी चालतं.