बेडकीची ओल आणि खालचा घुळुक

परसात एक केळ होती. केळीखाली गारेगार ओल होती. ओलीत राहायची एक बेडकी. बोटाच्या पेराएवढी.

एका तिन्हीसांजेला ओल गेली. कुठे गेली? कुणी पाहिली नाही. बेडकीची पाठ सुकू लागली. पाठ सुकली तर बेडकी जगत नाही. बिचारी फार घाबरली.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. घुळुक.

बेडकी निघाली, टुणुक टुणुक. केळीकडे गेली.
"केळीबाई, केळीबाई, ओल गेली, पाठ सुकली."
केळ म्हणाली, "खड्डा पाणी देईल, तेव्हा मी ओल देईन."

टुणुक टुणुक. शोषखड्डा केळीशेजारीच. दगडांनी भरलेला, काळाकुट्ट.
"खड्डेबुवा, खड्डेबुवा, ओल गेली, पाठ सुकली,
केळ ओल देईना."
खड्डा म्हणाला, "टाकी पाणी सोडील, तेव्हा मी पाणी देईन."

टुणुक टुणुक. टाकी जमिनीत पुरलेली. घरातल्या संडासाचं सगळं तिच्या पोटात. वर झाकण, झाकणाला भोक, भोकात अंधार.
"टाकीमावशी, टाकीमावशी, ओल गेली, पाठ सुकली,
केळ ओल देईना,
खड्डा पाणी देईना."
अंधार हळूच बोलला. "माझ्या पोटात इवले इवले जीव असतात. पडेल ते खातात. पण वरून चिंध्या येतात, कापूस येतो, मिठाच्या पुरचुंड्या येतात. ते कसं खातील? गप पडलेत सगळे. माझा गळा बंद झालाय. घरातली आई पुरचुंडी थांबवील, तेव्हा मी पाणी सोडीन."
घुळुक.

टुणुक टुणुक. घरात रेवाची आई. रेवा तान्ही. आई तिची दृष्ट काढत होती. मुठीत मीठ, मोहरी, मिरची. पूर्वी चुलीत टाकायचे. आता चूल कुठली? आणि दृष्ट कुणाच्या पायाखाली यायला नको. म्हणून आई ती रेवाला पुसायच्या वाइपमध्ये बांधायची, संडासाच्या भांड्यात टाकायची, वर पाणी सोडायची. सूऽऽ. रोज.
"आईबाई, आईबाई, ओल गेली, पाठ सुकली,
केळ ओल देईना,
खड्डा पाणी देईना,
टाकी पाणी सोडीना."
आई म्हणाली, "रेवा रडं थांबवील, तेव्हा मी पुरचुंडी थांबवीन."

टुणुक टुणुक. पाळण्यात रेवा.
"रेवाताई, रेवाताई, ओल गेली, पाठ सुकली,
केळ ओल देईना,
खड्डा पाणी देईना,
टाकी पाणी सोडीना,
आई पुरचुंडी थांबवीना."
रेवा म्हणाली, "मला भ्या वाटतं. भांडं घुळुक थांबवील, तेव्हा मी रडं थांबवीन."

टुणुक... टुणुक. बेडकी दमली. न्हाणीघराच्या कोपऱ्यात भांडं. पांढरंफटक. आत पाणी आपोआप हलत होतं.
"भांडेदादा, भांडेदादा, ओल गेली, पाठ सुकली,
केळ ओल देईना,
खड्डा पाणी देईना,
टाकी पाणी सोडीना,
आई पुरचुंडी थांबवीना,
रेवा रडं थांबवीना."
भांडं म्हणालं, "टाकी मोकळी होईल, तेव्हा मी घुळुक थांबवीन."

टाकी? टाकीकडे तर ती जाऊन आली होती. आता कुणाकडे जायचं? बेडकी भांड्याच्या काठावर बसून राहिली.

रेवाला कडेवर घेऊन आई आली. हातात पुरचुंडी. काठावर बेडकी. बेडकीवर कशी टाकणार? आई थांबली.
घुळुक.
रेवा दचकली. भ्यांऽऽ.
आईने रेवाकडे पाहिलं. भांड्याकडे पाहिलं. मग हातातल्या पुरचुंडीकडे पाहिलं.
"माझ्या सोन्याला कुणाची दृष्ट नाही लागली," आई म्हणाली. "हे घुळुक माझ्याच पुरचुंड्यांचं आहे."

आईने पुरचुंडीची गाठ सोडली. अंगणात शेगडी पेटवली, मीठ-मोहरी तिच्यात. तड तड तड. वाइप कचऱ्याच्या डब्यात. सकाळी टाकी उपसायची गाडी आली, घर्रर्र. चिंध्या निघाल्या, कापूस निघाला, पुरचुंड्या निघाल्या. केवढा ढीग तो.

मग काय झालं?
आईने पुरचुंडी थांबवली,
टाकी मोकळी झाली,
भांड्याने घुळुक थांबवलं,
रेवाने रडं थांबवलं,
टाकीने पाणी सोडलं,
खड्ड्याने पाणी दिलं,
केळीने ओल दिली,
आणि बेडकीची पाठ भिजली.

आता जमिनीला कान लावा. काही ऐकू येतं? खाली इवले इवले जीव जेवतायत. गुपचूप.
ओल आली, बेडकी निजली, आपली गोष्ट मातीत मुरली.