घळीच्या तोंडाशी भिवराई

आपल्या आज्यांच्या आज्या परकर सावरत हिंडत होत्या, त्या काळची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरठाणात भिवरा नावाची कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. तिच्या हातचं मडकं कधी तडकलं नाही, असं म्हणतात.

शेजारच्या सोनाईची लेक मंजुळा. नाव मंजुळा, पण चार वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. बोलणं राहू द्या, बोललेलं कळतही नव्हतं. बहिरी म्हणावी, तर करडू ओरडलं की धावत सुटायची. गावाने उपाय करायचं बाकी ठेवलं नाही. जिभेवर वेखंड घासलं, पोपटाचा उष्टा पेरू भरवला, आणि जो तो तिच्या कानाशी ओरडायचा, "बोल गं, बोल!" पोर कानांवर हात ठेवून रडायची.

भिवराला ते बघवेना. ती सोनाईला म्हणाली, "समदी जिभेच्याच मागं का लागलाय? आदी तिला कळू तर द्या. दिसभर माझ्याकडं धाडत जा पोरीला."

भिवराने तिला कधी 'बोल' म्हटलं नाही. हातात ओला गोळा द्यायची आणि म्हणायची, "माती." मग गप्प. तिचा हात घागरीत बुडवून म्हणायची, "पाणी." मग गप्प. पोर तोंडाकडे बघेपर्यंत थांबायची. हात पसरून "ये" म्हणायची आणि आली की कुशीत घ्यायची. करडं अंगणाबाहेर हाकलताना "जा" म्हणायची. पावसाळा सरला, थंडी सरली, पण ही बाई कंटाळली नाही.

एका सकाळी घागरीकडे बोटही न दाखवता भिवरा नुसतं "पाणी" म्हणाली. मंजुळा उठली आणि तांब्या भरून घेऊन आली. भिवरा ढसाढसा रडली. त्या घटकेला भट्टीतली सगळी मडकी आपोआप वाजली, असं म्हणतात.

ती धावत पारावर गेली. "पोरीला कळतंया! आता तिच्याम्होरं तोंड सांभाळून बोला." गाव हसलं. "मग बोलून दाखव म्हणावं की!" जी बोलत नाही तिला कळत नाही, हे गावाने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून तिच्यादेखत नाही नाही ते बोलायचे. सख्खी आईसुद्धा. एका संध्याकाळी चूल पेटेना, धाकटं भोकाड पसरून बसलेलं, त्यात मंजुळेने दूध लवंडलं. सोनाई करवादली, "जा गं बाई येकदाची, जा!" हे ती रोजच म्हणायची. रोज ते वाया जायचं. त्या दिवशी मंजुळेला कळलं. ती उठली आणि गेली.

गाव शोधायला निघालं ते हलग्या बडवत. "अगं मंजुळे, कुटं गेलीस, आई रडतीया बघ, अशी काय करतीस!" एवढ्या गलक्यात त्या लेकराला काय उमगणार? ओढा डोंगरातल्या ज्या घळीतून येतो, तिच्या तोंडाशी मंजुळेची इवली पावलं दिसली, आत जाणारी. भिवरा एकेकाचे पाय धरत होती, "गप ऱ्हावा रं! मला येकदा हाक मारू द्या." कोणी थांबलं नाही. डोंगरात वळीव कोसळला होता, घळीतून लोंढा आला. मंजुळा पुन्हा दिसली नाही.

भिवराने चाक मोडून टाकलं. 'जा' हा शब्द आपणच शिकवला, हे तिच्या काळजातून कधी गेलं नाही. ती घळीच्या तोंडाशी बसून राहिली. "ये" म्हणायची आणि वाट बघायची. बसल्या बसल्या ती तिथेच मातीची झाली, असं म्हणतात.

आजही उंबरठाणात लेकराला कोणी नुसतं 'जा' म्हणत नाही, 'जाऊन ये' म्हणतात. एवढं मात्र गाव शिकलं. पुढचं काही शिकलं नाही. भिवराईच्या ठाण्यावर दरसाल जत्रा भरते. न बोलणारी लेकरं लांबलांबून आणतात, त्यांच्या जिभेवर वेखंड घासतात, हलग्या कडाडतात आणि सगळे ओरडतात, "बोल, बोल!" लेकरं कानांवर हात ठेवून रडतात.

घळीतून अजून "ये" अशी हाक येते, असं म्हणतात. खरंखोटं कुणालाच ठाऊक नाही. ऐकायचं तर हलगी थांबायला हवी ना.